ज्युनिअर टाइम ट्रायल: जिगवरच्या मोजणीपासून फिनिशपर्यंत

टाइम ट्रायल म्हणजे रायडरने एकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची सायकल शर्यत; एकेक रायडर ठरावीक वेळेच्या अंतराने सुटतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ज्या वर्षी वयाची १७ किंवा १८ वर्षं पूर्ण होतात, त्या वर्षी रायडर ज्युनिअर गटात मोडतो. २०२४च्या झुरिच जागतिक स्पर्धेत ज्युनिअर मुलांसाठी २४.९ आणि मुलींसाठी १८.८ किलोमीटरचा कोर्स होता. म्हणजे सगळा खेळ जेमतेम अर्ध्या तासाचा. एवढ्या वेळात एकदा गेलेले दहा सेकंद सहसा भरून निघत नाहीत, आणि पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेला आलेल्या मुलांचे ते बहुतेक वेळा सायकल तपासणीत (जिग या मोजणीच्या चौकटीवर) किंवा पहिल्या पाच मिनिटांत जातात. म्हणून या दोन गोष्टींवर जास्त वेळ खर्च करा.

आधी सायकल. २०२३ पासून एक्स्टेन्शनची (हात पुढे करून धरायच्या दांड्यांची) मर्यादा रायडरच्या उंचीवर ठरते. बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या भागाच्या) मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून एक्स्टेन्शनच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर १८० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या रायडरला ८० सेंमी, १८० ते १८९.९ उंचीला ८३ आणि १९० किंवा त्याहून उंच रायडरला ८५ सेंमीपर्यंत चालतं. कोपराच्या पॅडपासून एक्स्टेन्शनच्या टोकापर्यंतचा चढ याच क्रमाने १०, १२ आणि १४ सेंमी. सायकलचं वजन किमान ६.८ किलो हवं. मोजे घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर जाता कामा नयेत. या वयात उंची अजून वाढत असते, तेव्हा दर दोन महिन्यांनी रायडरची उंची मोजा आणि फिट (सीट आणि हँडलची मांडणी) पुन्हा तपासा. नियमही बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला ताजं नियमपुस्तक वाचा.

घरी मोजताना सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा, दोन्ही टायरमध्ये शर्यतीइतकीच हवा भरा आणि ओळंबा लावून मोजा. मर्यादेच्या टोकावर सेटिंग ठेवू नका, ३ ते ५ मिलिमीटर हातचे राखा. प्रवासात सीटपोस्ट (सीटची दांडी) किंचित सरकते, शर्यतीच्या जिगवरची जमीन घरच्यासारखी नसते, आणि घरी ८० भरलेलं अंतर तिथे ८०.३ भरतं. मग स्टार्टच्या तोंडावर ॲलन की घेऊन धावाधाव होते, घाईत बोल्ट नीट आवळला जात नाही आणि शर्यतीत पॅड फिरतं. सायकल पॅक करण्याआधी सीटपोस्ट आणि एक्स्टेन्शनवर टेपने खूण करा, जोडताना बोल्ट मोजून आवळणारा टॉर्क रेंच वापरा. आदल्या दिवशी तपासून घेण्याची सोय असेल तर मुख्य सायकलसोबत राखीव सायकलही घेऊन जा, कारण पंक्चर झाल्यावर हाताशी येणारी सायकलही नियमातच बसायला हवी.

गिअरबद्दल थोडक्यात. ज्युनिअरना पूर्वी रोडवर पॅडलच्या एका फेरीत सायकल जास्तीत जास्त ७.९३ मीटर पुढे जाईल अशी गिअरची मर्यादा होती, ती २०२३ मध्ये उठली. म्हणून लगेच मोठ्यांची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) बसवू नका. सपाटीवर ९० ते १०० कॅडन्स (मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या) राखता येईल एवढीच घ्या. जड गिअर दाबत राहिलं की गुडघे आणि कंबर आधी बोलतात.

कोर्स वाहतुकीला बंद असताना मिळणाऱ्या सरावात पहिली फेरी सावकाश मारा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक वळण शर्यतीच्या वेगाने घ्या आणि एरो पोझिशन (एक्स्टेन्शनवर वाकलेली बैठक) सोडून ब्रेकवर हात कुठे आणायचा ते दिव्याचा खांब, झेब्रा क्रॉसिंग अशा ठळक खुणेवर पक्कं करा. वाऱ्याची दिशा लिहून ठेवा.

वॉर्मअप २५ मिनिटांचा पुरतो: दहा मिनिटं हलकं, पाच मिनिटं हळूहळू वाढवत, मग शर्यतीच्या जोराने एकेक मिनिटाचे तीन तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं सैल, शेवटी सात-आठ सेकंदांचे दोन झटके. उन्हाळा असेल तर थोडा आखडता घ्या आणि वॉर्मअप करतानाच आइस व्हेस्ट (बर्फाचं जाकीट) घाला. तपासणीला स्टार्टच्या ठरलेल्या वेळेच्या किमान १५ मिनिटं आधी पोहोचायचं असतं, हे धरून उलटं वेळापत्रक आखा. स्टार्टला उशीर झाला तरी घड्याळ तुमच्या ठरलेल्या वेळेलाच सुरू होतं.

रॅम्पवर मागून सायकल धरलेली असते. पॅडल दोन वाजताच्या स्थितीत, गिअर मधला, दोन्ही हात बेस बारवर (ब्रेक असलेल्या आडव्या हँडलवर). रॅम्प उतरून वेग आल्यावरच एक्स्टेन्शनवर जा.

आता सगळ्यात अवघड भाग. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) ३०० वॅट असलेला रायडर सुरुवातीला आठ-दहा सेकंद ४५० वॅटने सुटला तर बिघडत नाही. पुढची दोन मिनिटं मात्र २९० वर, पाचव्या मिनिटापर्यंत २९५ वर राहायचं. हे जमवणं कठीण जातं, कारण पाय ताजे असतात आणि हृदयाचे ठोके वाढायला मिनिटभर लागतं, त्यामुळे ३४० वॅटही सोपे वाटतात. त्याची किंमत दहाव्या मिनिटाला कळते: खांदे हलू लागतात, डोकं वर येतं, आणि हवेचा मार वाढून त्याच वॅटला वेग कमी मिळतो. मधला टप्पा ३०० ते ३०५ वर काढा. चढावर आणि समोरच्या वाऱ्यात ३३० पर्यंत जा, कारण तिथे कमी वेगामुळे जास्त वेळ जातो. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून ६० च्या वेगाने उतारावर जोर मारून फारसं हाती लागत नाही; तिथे शरीर लहान करा आणि श्वास भरून घ्या. टॉप ट्यूबवर (सीटपुढच्या आडव्या नळीवर) मात्र बसू नका, त्यावर २०२१ पासून बंदी आहे. शेवटच्या तीन मिनिटांत काही राखून ठेवू नका.

पुढचा रायडर गाठलात तर बाजूने किमान २ मीटर अंतर ठेवून पुढे जा. तुम्हालाच कोणी गाठलं तर त्याच्या मागे चिकटू नका. एका किलोमीटरनंतर किमान २५ मीटर अंतर हवं, नाहीतर वेळेचा दंड बसतो. मागून येणारी संघाची गाडी रायडरच्या १० मीटरच्या आत येता कामा नये. गाडीतून काय ओरडायचं ते आधी ठरवा: वळण, चढ, वेळेतला फरक. एवढंच पुरे.

फिनिशनंतर दहा-पंधरा मिनिटं हलकं पॅडल मारा. डोपिंग चाचणीला बोलावलं तर अल्पवयीन रायडरला सोबत मोठं माणूस नेता येतं. ते कोण असेल हे सकाळीच ठरवून ठेवा.