घरचं मानसिक आजार असलेलं माणूस पोलीस केसमध्ये अडकलं तर काय करायचं
पहिलं काम, जुन्या औषधाच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड शोधा, धारवाडच्या डिमहान्सची (मानसिक आजाराचं सरकारी हॉस्पिटल) फाईल असली तर तीपण, आणि झेरॉक्स मारून वकिलाला द्या, कारण नुसता आजार आहे म्हणून कुणी सुटत नाही, गुन्ह्याच्या वेळी त्याला काही कळत नव्हतं हे आपल्यालाच कोर्टात दाखवावं लागतंय, तरच भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षेचा कायदा) कलम २२ ची सूट मिळते. लाज वाटून आजार लपवू नका ओ, त्यात त्याचंच नुकसान. आत्ता खटलाच समजत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम ३६७-३६८ खाली अर्ज करा, मग कोर्ट डॉक्टरकडून तपासून घेतं. वकील परवडत नसेल तर १५१०० ला, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरला, फोन लावा. बेळगावजवळ हिंडलग्याला जेलमध्ये असला तरी उपचार हा त्याचा हक्क, २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, भेटीत गोळ्या मिळतात काय ते विचाराच.