पूर्व बाली स्कूटरवरून: कारांगासेमचे रस्ते आणि वारुंगमधलं जेवण

बालीला गेलेले बहुतेक मुंबईकर कुटा, सेमिन्याक आणि उबुद एवढंच पाहून परततात. तिथली वाहनांची गर्दी तर घरीही भेटते. स्कूटर घेणारच असाल तर पूर्वेच्या कारांगासेम जिल्ह्याकडे वळा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो, म्हणजे मुंबईत धो-धो पाऊस असताना तिथे रस्ते सुके मिळतात. मार्चच्या सुमारास न्येपी, म्हणजे बालीचा मौनाचा नववर्षदिन, येतो. त्या दिवशी विमानतळासकट अख्खं बेट चोवीस तास बंद असतं, तेव्हा तारीख आधी पाहून घ्या.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मुंबईतूनच, आपल्या आरटीओकडून काढून न्या. फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. लायसन्स फक्त चारचाकीचं असेल तर ते परमिट स्कूटरला चालत नाही. त्यावर मोटरसायकलच्या वर्गाचा शिक्का हवाच. तो नसेल तर पोलिसांच्या दंडावर भागेलही, पण अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. पॉलिसीतली दुचाकीची अट वाचा, इंजिन किती सीसीपर्यंत चालतं तेही.

भाड्याला होंडा स्कूपी किंवा व्हारिओ 125 घ्या. डबलसीट आणि चढ असेल तर व्हारिओच. दिवसाला साधारण 70 हजार ते एक लाख रुपियाह पडतात. लाख रुपियाह म्हणजे आपले पाचशेच्या वर. ठेव म्हणून मूळ पासपोर्ट देऊ नका, झेरॉक्स आणि रोख द्या. ताब्यात घेताना चारही बाजूंनी ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, टायरची नक्षी पाहा, दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे एसटीएनके, सीटखाली आहे याची खात्री करा. हेल्मेट दोघांनाही लागतं आणि दिवसाही हेडलाइट चालू ठेवावा लागतो.

बालीच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या सानुरहून सकाळी साडेसहाला निघा. कुसाम्बाकडे जाणाऱ्या किनारी हमरस्त्यावर ट्रक असतात, उशीर केलात की त्यांच्या धुरात अडकाल. कुसाम्बाला काळ्या वाळूवर समुद्राचं पाणी शिंपडून मीठ करतात. वाळूतून निथळलेलं खारं पाणी चिरलेल्या नारळाच्या खोडांत वाळवतात. तिथून क्लुंगकुंग आणि पुढे सिडेमेनला मुक्काम. दुसऱ्या दिवशी डुडा, सिबेतान, बेबांडेम, आम्लापुरा, तिर्ता गंगा करत आमेद: सुमारे 45 किलोमीटर, पण थांबत गेलात तर अख्खा दिवस. नकाशात मोटरसायकलचा पर्याय निवडलात तर तो भातखाचरांमधल्या हातभर रुंदीच्या सिमेंटच्या पट्टीवर नेऊन सोडतो, म्हणून डोंगराळ भागात मोटारीचाच मार्ग लावा.

उतारांकडे नीट लक्ष द्या, कारण अ‍ॅक्टिव्हा सपाट रस्त्यावर चालवलेल्याची इथेच चूक होते. वेग फार उतरला की सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनाच्या वेगावर आपोआप धरणारा-सुटणारा क्लच, सुटतो, इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागचा ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो आणि मग लिव्हर दाबूनही पकड मिळत नाही. उपाय सोपा आहे: थ्रॉटल क्षणभर देऊन सोडा, क्लच पुन्हा धरतो. दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबा आणि सोडा. जळका वास आला तर सावलीत पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

आता जेवण. गावातली वारुंग, म्हणजे छोट्या घरगुती खाणावळी, सकाळी रांधतात आणि बऱ्याच ठिकाणी एक-दीडपर्यंत ताट संपतं, त्यामुळे मोठं जेवण अकराच्या आसपास उरका. क्लुंगकुंगच्या बाजारात सेरोम्बोतान मागा: उकडलेल्या पालेभाज्या, शेंगा, मोड आलेली कडधान्यं आणि त्यावर नारळाचा तिखट मसाला. कुसाम्बाजवळ गोवा लावाह या गुहामंदिराच्या रस्त्यावर मासळीचं साते लिलिट मिळतं. मसाला मिसळलेला कुटलेला मासा काडीवर थापून निखाऱ्यावर भाजतात. सोबत माशाचं तिखट सूप आणि भात घ्या. सिबेतानला सालाक फळ थेट बागेतून मिळतं. साल टोकाकडून चिमटीत धरून सोला, काटेरी खवले बोटांना टोचतात.

शाकाहारी असाल तर तिपाट चांतोक उत्तम: तांदळाच्या वड्या, भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी. पण चटणीत तेरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, असू शकतो. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असं आधीच सांगा. नुसतं ‘तान्पा दागिंग’ (मांसाशिवाय) म्हटल्यावर कोंबडी किंवा मासा ताटात येऊ शकतो, त्यामुळे ‘तान्पा आयाम, तान्पा इकान’ (कोंबडीशिवाय, माशाशिवाय) हेही जोडा. लावार, म्हणजे बारीक चिरलेल्या भाज्या, नारळ आणि मसाल्याचं मिश्रण, फणसाचा दिसला तरी त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, आणि लाल लावारमध्ये रक्तही घालतात. कांदा-लसूण मात्र जवळपास सगळ्यातच आहे. जैन मंडळींनी साधा भात, फळं आणि केळ्याची भजी यांवर भागवावं.

पेट्रोल पेर्तामिना या सरकारी तेल कंपनीच्या पंपावर भरा, टाकी अर्ध्यावर आली की लगेच. रस्त्याकडेला बाटल्यांत मिळणारं पेट्रोल महाग पडतं, अडचणीपुरतंच घ्या. पंक्चरसाठी ‘तांबाल बान’ची पाटी शोधा. दुकानं रोखच घेतात, दहा-वीस हजार रुपियाहच्या नोटा जवळ ठेवा.

आमेदहून सेरायामार्गे उजुंगकडे जाणारा किनारी रस्ता चढ-उतारांचा, अरुंद आणि वळणावळणाचा आहे. तिथे अंधारात गाडी घालू नका. तीन वाजायच्या आत निघा. रस्त्यावर ठेवलेली फुलांची नैवेद्याची द्रोणं चुकवायची सवय ठेवा, आणि मिरवणूक दिसली की बाजूला थांबा, हॉर्न वाजवू नका.