जुनाट सांधेदुखी आणि स्नायूदुखीसाठी योगासने: किती करावीत, कशी करावीत

जे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते, त्याला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा दुखण्यासाठी योगासने सुरू करणाऱ्यांची फसगत बहुतेकदा एकाच ठिकाणी होते. बरे वाटते त्या दिवशी माणूस उत्साहाने तासभर आसने करतो, पुढचे दोन-तीन दिवस कण्हत काढतो आणि आसनांमुळे आपले दुखणे वाढते असे ठरवून ती कायमची सोडून देतो. दुखऱ्या शरीराला आसने औषधासारखी मोजूनच द्यावी लागतात, म्हणून पुढे आसनांच्या नावांइतकेच त्यांच्या मात्रेविषयीही लिहिले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी दुखण्याचे निदान झालेले असावे. सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल, दुखण्यासोबत ताप येत असेल, कारण नसताना वजन घटत असेल, हातापायांतील शक्ती कमी होत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर तातडीने रुग्णालय गाठावे. चालू असलेली औषधे, विशेषतः संधिवाताची, आसने सुरू केली म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

हालचालीने दुखणारा सांधा हालचालीनेच कसा सुधारेल, ही शंका रास्त आहे. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते आणि सांध्यावर भार येऊन तो सुटत राहिला तरच हा द्रव कूर्चेत नीट खेळतो. दुसरीकडे, दुखेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू सतत आवळून धरतो, त्यामुळे ते दुबळे आणि ताठर होतात आणि थोड्याशा श्रमानेही दुखू लागतात. शिवाय वेदना बराच काळ टिकली की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते आणि नवी इजा नसतानाही धोक्याचा इशारा देत राहते. सावकाश हालचाल आणि लांब उच्छ्वास यांची जोड सांधे, स्नायू आणि मज्जासंस्था या सर्वच बाजूंनी उपयोगी पडते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सुचवलेल्या औषधविरहित उपचारांमध्ये योगाचाही समावेश होता.

मात्रा ठरवण्यासाठी शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरावी. आसन करताना नेहमीपेक्षा एक-दोन अंकांनी दुखणे वाढले तर चालेल. मात्र तीक्ष्ण कळ, मुंग्या किंवा सांध्याच्या आत टोचल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबावे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. चोवीस तासांत दुखणे मूळ पातळीवर आले, तर मात्रा बरोबर आहे. आले नाही, तर पुढच्या वेळी निम्मीच करावी. सुरुवातीची मात्रा दुखणे जास्त असलेल्या दिवशीही झेपेल एवढी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची ठेवावी आणि बऱ्या दिवशीही ती ओलांडू नये. माझ्या मते सर्वांत अवघड नियम हाच आहे, आणि तो पाळणाऱ्यालाच पुढे जाता येते. तुटेपर्यंत ताणू नये, हे स्नायूंच्या बाबतीत शब्दशः खरे आहे.

सकाळी सांधे आखडत असतील, तर गरम पाण्याने अंघोळ झाल्यानंतरची वेळ निवडावी. आधी उताणे पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात आणि श्वासापेक्षा उच्छ्वास थोडा लांबवत तीन-चार मिनिटे राहावे. मग घोटे, मनगटे आणि खांदे वेदनारहित मर्यादेत सावकाश फिरवावेत. त्यानंतर मार्जारासनात, म्हणजे हात आणि गुडघे टेकून ओणवे होऊन, श्वासाच्या लयीत पाठ आठ-दहा वेळा वर-खाली करावी. गुडघ्यांखाली जाड घडी घ्यावी आणि मनगटे दुखत असल्यास तळव्यांऐवजी मुठी टेकवाव्यात. पुढे सेतुबंधासन करावे, म्हणजे उताणे पडून गुडघे वाकवून, पावले टेकवून नितंब उचलावेत; ते अर्धवटच उचलले तरी पुरते. सुप्त पादांगुष्ठासनात उताणे पडून एक गुडघा वाकवून ठेवून दुसऱ्या पायाच्या तळव्याला पट्टा लावावा आणि मांडीच्या मागे सौम्य ताण येईल एवढाच पाय वर न्यावा; पायात कळ उतरू लागली, तर हे आसन वगळावे. शेवटी भिंतीला हात टेकून उभ्याने वृक्षासन (एका पायावर उभे राहून दुसरे पाऊल त्या पायाला आतून टेकवणे) किंवा खुर्ची धरून वीरभद्रासन (एक पाय पुढे टाकून त्याचा गुडघा वाकवणे) करावे. उभ्या आसनांनी मांडीचे स्नायू बळकट होतात आणि झिजलेल्या गुडघ्याला त्या बळाचीच गरज असते, त्यामुळे केवळ ताण देणारी आसने करून थांबू नये. प्रत्येक स्थिती पाच श्वास पुरे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे आणि खुर्च्या यांच्या आधाराने आसने शिकवण्याची पद्धत रूढ केली. आधार घेण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

गुडघेदुखी असलेल्यांनी वज्रासन आणि पद्मासन टाळून खुर्चीवर बसावे. मानदुखीत शीर्षासन आणि सर्वांगासन करू नये. हाडे ठिसूळ झाली असतील, तर पश्चिमोत्तानासनासारखे पाठ गोल करून पुढे वाकणे आणि जोराचे पीळ धोक्याचे ठरतात. ज्यांचे सांधे जात्याच अतिलवचीक आहेत, त्यांनी अखेरच्या टोकापर्यंत न जाता अलीकडेच थांबावे.

वेळ, आसने, त्या वेळचे दुखणे आणि दुसऱ्या सकाळचे दुखणे यांची नोंद ठेवावी. सलग दोन आठवडे मात्रा झेपली, की दोन-तीन मिनिटे वाढवावीत आणि फरक पडतो का हे ठरवण्यापूर्वी किमान आठ ते बारा आठवडे द्यावेत. मध्येच दुखणे उसळले, तर त्या दिवशी खुर्चीवर पाय ठेवून श्वसन आणि घोट्या-खांद्यांची हलकी हालचाल एवढेच करावे, सुजलेल्या सांध्याला विश्रांती द्यावी आणि उसळी ओसरल्यावर नेहमीच्या निम्म्या मात्रेपासून पुन्हा सुरू करावे.