खवल्यांची नाणी वाचायला शिकताना

पहिला कोपेक, म्हणजे जुन्या रशियाचं चांदीचं नाणं, हातात आला तेव्हा वाटलं, विकणाऱ्यानं चुकून माशाचं खवलं धाडलंय. रशियन लोकही या नाण्यांना 'चेशुया', म्हणजे खवलेच म्हणतात.

चांदीची तार ओढायची, तुकडे पाडायचे, चेपायचे आणि दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा. ठसा मोठा, तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं सहसा अर्धीच उमटतात. कोकणच्या बंदरांत चालणारी आदिलशाही लारी पाहिली असेल, तर तारेचं नाणं फार परकं वाटणार नाही. लारीत तार दुमडलेली राहते, इथे ती चपटी होते एवढंच.

१५३५ मध्ये रशियाचा बालराजा इव्हान चौथा याच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या त्याच्या आईनं, एलेना ग्लिन्स्कायानं, ही नाणी एका मापाची केली. भालेवाला स्वार असेल तर कोपेक ('कोप्यो' म्हणजे भाला), तलवारवाला असेल तर देंगा (अर्धा कोपेक), पक्षी असेल तर पोलुष्का (पाव कोपेक). हिशेबात १०० कोपेकचा रूबल. पण रूबलचं नाणं तेव्हा पाडतच नसत!

माझी फजिती सांगतो. मागच्या बाजूला 'फेओदोर' लागलं आणि मी हुरळून पाकिटावर '१५८४–९८' लिहून टाकलं. इव्हानचा मुलगा फेओदोर तो! बापाचं नाव नाण्याच्या कडेबाहेर गेलेलं. महिन्याभरानं काट्यावर ठेवलं तर ०.४१ ग्रॅम. त्या फेओदोरचा कोपेक ०.६८ च्या आसपास भरायला हवा. हा निघाला फेओदोर अलेक्सेयेविच, १६७६–८२ चा.

म्हणून पुस्तकांआधी ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा घ्या. झार (रशियन राजा) मिखाईल रोमानोव्हच्या काळी कोपेकचं वजन ०.४८ वर आलं, झार पीटरनं १६९८ मध्ये ०.२८ वर आणलं. झीज, कातरलेल्या कडा धरूनही एवढा फरक लपत नाही. अक्षरं मात्र तिरप्या उजेडात वाचा, आणि चिंच-लिंबू लावून घासू तर मुळीच नका. एक नाणं मी असंच पुसट करून बसलोय.

सुरुवात पीटरच्या कोपेकांनी करा. ते मुबलक मिळतात, १७१८ पर्यंत पाडले जात होते, आणि १६९६ पासूनच्या बऱ्याच नाण्यांवर घोड्याखाली आकड्यांऐवजी स्लाव्ह अक्षरांत साल असतं. १७०० च्या आधीचं साल सृष्टीच्या आरंभापासून मोजलेलं, त्यातून ५५०८ वजा करायचे. हजाराचा आकडा लिहीतच नसत, तो आपण धरायचा: २०४ म्हणजे ७२०४, म्हणजे १६९६.

फेओदोरचं पाकीट अजून तेच आहे. जुनं साल खोडून खाली नवं लिहिलंय.