टेक्स्ट ॲनालिसिसवर पीएचडी करताय? मग या चुका टाळा

मॉडेलच्या पहिल्याच रनला ॲक्युरसी भारी आली तर गाइडला मेल करायच्या आधी तारखा तपासा. माझं हेच झालं होतं. ॲन्युअल रिपोर्टचा टोन (भाषा पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह) बघून शेअरच्या रिटर्नचा अंदाज बांधायचा असा विषय, आणि मी प्रत्येक रिपोर्टला सरळ ३१ मार्च ही तारीख लावून मोकळी झाले. पण ३१ मार्चला फक्त वर्ष संपतं, रिपोर्ट लोकांसमोर येतो तो बरेचदा जुलै-ऑगस्टमधे, एजीएमच्या, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेच्या आधी. म्हणजे २०१९-२० चा रिपोर्ट, ज्यात लॉकडाऊनने धंद्याचं काय झालं ते लिहिलेलं असतं, तो माझ्या मॉडेलने १ एप्रिललाच वाचून ठेवला होता, मग एप्रिल-जूनचा अंदाज बरोबर येणारच ना! शेवटी जयकर ग्रंथालयात बसून सगळ्या फायली परत लावल्या, स्टॉक एक्स्चेंजवर फाइल कधी पडली ती तारीख आणि वेळ दोन्ही घेऊन. किती वाजता पडली तेही हवंच, कारण बाजार साडेतीनला बंद होतो आणि तिमाही निकाल बरेचदा संध्याकाळी येतात, त्यांना पुढच्या ट्रेडिंग दिवसाचा रिटर्न जोडायचा, त्याच दिवसाचा नाही.

रँडम स्प्लिटही करू नका, म्हणजे कुठले रिपोर्ट मॉडेलला शिकवायला (ट्रेनिंग) आणि कुठले त्याची परीक्षा घ्यायला (टेस्ट) हे चिठ्ठ्या टाकून ठरवू नका. कंपन्या मागच्या वर्षीचे परिच्छेद जसेच्या तसे उचलतात, त्यामुळे २०१५ टेस्टमधे आणि २०१६ ट्रेनिंगमधे गेलं की पेपर फुटल्यासारखंच आहे. आधीची वर्षं ट्रेनिंगला, नंतरची टेस्टला. आणि निफ्टीची आजची यादी घेऊन मागे जाऊ नका, सत्यम जानेवारी २००९ मधे निफ्टीतून बाहेर पडली, अशा कंपन्या त्या यादीत सापडणारच नाहीत.

सगळ्याच कंपन्या पॉझिटिव्ह दिसतायत? मग बर्टला (मजकूर वाचणारं एक भाषा-मॉडेल) पूर्ण रिपोर्ट दिला असणार. तो एका वेळी ५१२ टोकनच (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) घेतो, पुढचं कापलं जातं, म्हणजे त्याने फक्त चेअरमनचं पत्र वाचलं, आणि त्यात वाईट कोण लिहितं? रिपोर्टचे तुकडे करा, आणि मॅनेजमेंट डिस्कशनचा भाग, जिथे धंदा कसा चालला ते व्यवस्थापन सांगतं, तो वेगळा काढा.

उलट सगळंच निगेटिव्ह येत असेल तर डिक्शनरी, म्हणजे शब्द मोजायला वापरलेली पॉझिटिव्ह-निगेटिव्ह शब्दांची यादी बघा. हार्वर्डच्या यादीत टॅक्स, कॉस्ट, कॅपिटल, लायबिलिटी हे शब्दसुद्धा निगेटिव्ह आहेत. लॉफ्रन आणि मॅकडोनल्ड या फायनान्सच्या संशोधकांनी २०११ मधे दाखवलं की त्या यादीप्रमाणे निगेटिव्ह मोजले जाणारे जवळजवळ तीन चतुर्थांश शब्द फायनान्समधे निगेटिव्ह नसतातच. त्यांची यादी वापरा, पण ती अमेरिकन कंपन्यांच्या रिपोर्टवरून बनलीय, आपल्या रिपोर्टवर थोडी हाताने तपासून घ्या.

आणि पीडीएफ! दोन कॉलमचं पान असेल तर काही टूल्स डावी ओळ आणि उजवी ओळ जोडून वाचतात. माझ्या एका फायलीत डावीकडे थकीत कर्ज वाढल्याचं होतं, उजवीकडे कर्मचाऱ्यांचे आभार, आणि दोन्हीचं मिळून एकच वाक्य झालेलं. कोड एरर देत नाही, काहीच देत नाही. म्हणून मॉडेल चालवायच्या आधी वीसेक रिपोर्टचा काढलेला टेक्स्ट प्रिंट करून मूळ पानाशेजारी ठेवून वाचाच, दोन दिवस जातील, जाऊ देत.