घरच्या टीव्ही आणि स्पीकरसाठी केबल निवडताना

नवा टीव्ही किंवा साउंड सिस्टीम घेताना बिल होता होता केबलचा प्रश्न हमखास निघतो : दोनशे रुपयांची घ्यावी की दोन हजारांची? सांगली-मिरजेतील परिचितांच्या घरी अशी जोडणी करून देता देता माझे मत असे झाले आहे की केबलमुळे फरक पडतो, पण तो ठरावीक जागी आणि ठरावीक कारणानेच पडतो. ते कारण आपल्या घरात आहे का, हे आधी पाहावे आणि मगच पैसे काढावेत.

सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात जातात. हे आकडे नीट पोहोचले तर स्वस्त आणि महाग केबलवर दिसणारे चित्र तंतोतंत एकच असते. ते वाटेत बिघडले तर पडद्यावर ठिपके चमकतात, आवाज तुटतो किंवा काही क्षण पडदा काळा होतो. रंग किंचित फिके पडणे, कडा किंचित धूसर होणे असा मधला बिघाड ही केबल करत नाही. त्यामुळे ‘रंग अधिक खुलतील’ या आश्वासनासाठी जादा पैसे देऊ नयेत. क्षमता मात्र जरूर पाहावी. सेकंदाला ६० फ्रेमच्या ४के चित्रासाठी सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारी ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरते, तर १२० फ्रेमवर गेम खेळणाऱ्यांनी ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ घ्यावी. लांबीही महत्त्वाची आहे. सांगलीच्या विश्रामबागेतील एका घरी नवा ४के बॉक्स लावल्यापासून टीव्ही मधूनच काळा पडत असे. दोष भिंतीतून नेलेल्या दहा मीटर जुन्या केबलचा होता. बॉक्स टीव्हीखाली आणून दोन मीटरची साधी प्रमाणित केबल लावताच तक्रार मिटली.

चित्र तरीही मनाजोगे नसेल तर टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ करावा. एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, वाहिनीच्या चित्रात मुळात ५७६ ओळी असतात आणि ४के पडद्यावर २१६०. तेथे कोणतीही केबल कामी येणार नाही.

स्पीकरच्या वायरचे गणित वेगळे आहे, कारण तिच्यातून प्रत्यक्ष ताकद वाहते आणि वायरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), त्यातील काही भाग खातो. शिवाय स्पीकरचा स्वतःचा रोध प्रत्येक सुराला सारखा नसल्याने बारीक वायरवर आवाजाचा तोलही बदलतो. म्हणून जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा धरून वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम आणि ४ ओहमच्या स्पीकरला ०.२ ओहम. अॅम्प्लिफायरपासून स्पीकर दहा मीटरवर असेल तर तांब्याच्या अर्धा चौरस मिलिमीटर वायरचा रोध सुमारे ०.६९ ओहम भरतो, दीडच्या वायरचा ०.२३ आणि अडीचच्या वायरचा ०.१४. तेव्हा इतक्या अंतराला ८ ओहमसाठी दीड आणि ४ ओहमसाठी अडीच घ्यावी. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी तांब्याची साधी वायर या कामाला उत्तम चालते.

ती खरोखर तांब्याची आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे. वायरचे टोक सोलून एक तार बोटावर घ्यावी आणि ब्लेडने हलकेच खरवडावी. तांबूस रंग निघून आत पांढरट धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. सोललेली टोके दमट हवेत हिरवट-काळी पडतात. तेवढा भाग कापून नव्याने सोलावा आणि तारा पिळून स्क्रूखाली घट्ट बसवाव्यात. कित्येक घरांत आवाजाची तक्रार एवढ्यावरच संपते.

स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येत असेल तर तो बहुधा अर्थिंगचा असतो. छतावरच्या छत्रीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहावी. आवाज थांबला तर छत्री आणि अॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधील फरक हे कारण समजावे, आणि बॉक्स व अॅम्प्लिफायर ऑप्टिकल केबलने जोडावेत. तिच्यातून फक्त प्रकाश जातो. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये, त्यात जिवाला धोका आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, लावताना घोडीवरचा दोरा केसभर सरकवला तरी स्वर उघडतो, कारण तेथे कंपनच बदलते. घरात ही जागा स्पीकरची आणि खोलीची आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून फूटभर पुढे घ्यावेत, त्यांची उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी ठेवावी आणि दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण करावा. फरशीच्या मोकळ्या दिवाणखान्यात सतरंजी आणि जाड पडदे लावून तंबोऱ्याचे चांगले ध्वनिमुद्रण ऐकावे. खर्ज फुगलेला आहे की जवारी स्वच्छ उमटते, हे लगेच कळते.

एवढे करूनही महाग केबलची ओढ राहिली तर कानांची परीक्षा घ्यावी. घरातील कोणाला तरी नाणे उडवून दोन केबलींपैकी एक लावायला सांगावे, आपण पाठमोरे बसावे आणि कोणती केबल आहे ते कागदावर लिहावे. असे दहा वेळा करावे आणि आवाजाची पातळी बदलू नये, कारण किंचित मोठा आवाज बहुतेकदा सरस वाटतो. निव्वळ अंदाजानेही सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. नऊ किंवा दहा आली तरच फरक आहे असे धरावे. ही परीक्षा केबल विकत घेतल्यावरच होत असल्याने, ती आठ दिवसांत परत घेण्याची कबुली दुकानदाराकडून आधीच बिलावर लिहून घ्यावी.