बँकर की प्लेयर? टेबलामागून सांगतो

गावी आलो की खानापूरच्या स्टँडवर कुणीतरी गाठतंच. "दादा, बँकरवर लावायचं की प्लेयरवर? सांग की." पणजीत मांडवीवरच्या एका कसिनो बोटीवर मी साडेचार वर्षं डीलर, म्हणजे टेबलावर पानं वाटणारा, होतो, म्हणजे आतलं गुपित मला ठाऊक असणार असा समज. गुपित आहे, पण ते ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकतात. चोर्ला घाट उतरून हीच नोकरी करायला निघालेल्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. नुसतं खेळायला जाणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी नाव. बँकर-प्लेयरच्या या पत्त्यांच्या खेळाला लिहिताना बरेच जण बॅकरॅट लिहितात, टेबलावर मात्र 'बाकारा' म्हणतात. मुलाखतीत बॅकरॅट म्हणालात तर समोरचा गालात हसतो. माझ्या वेळी हसला होता.

आठ कॅट एकत्र पिसतात, म्हणजे ४१६ पानं. ती 'शू' नावाच्या पेटीत जातात. प्लेयर आणि बँकर ही टेबलावरची दोन घरं आहेत, माणसं नव्हेत. कुणीही कुठल्याही घरावर पैसे लावावेत. गणपतीत मांडवामागे अंदर-बाहर खेळलेल्याला हे लगेच कळतं. दोन्ही घरांना दोन-दोन पानं मिळतात. एक्क्याचा एक, दुर्री ते नव्वी छापील आकड्याप्रमाणे, दश्शी आणि चित्रं शून्य. बेरजेचा फक्त एकक धरायचा: सत्ती आणि अठ्ठी मिळून पंधरा, म्हणजे पाच. नऊच्या जवळचा जिंकला. पहिल्या दोन पानांत कुणाचीही बेरीज आठ किंवा नऊ झाली तर डाव तिथेच संपला.

खरी परीक्षा तिसऱ्या पानाची. प्लेयरचं सोपं आहे: पाचपर्यंत घ्यायचं, सहा-सातला थांबायचं. प्लेयर थांबला तर बँकरलाही तोच नियम. प्लेयरने घेतलं, तर त्याचं तिसरं पान बघून बँकरचं ठरतं. बँकरकडे दोनपर्यंत असेल तर घेतोच. तीनवर घेतो, पण प्लेयरचं तिसरं पान आठ असेल तर नाही. चारवर प्लेयरचं तिसरं पान दोन ते सात असेल तर, पाचवर चार ते सात, सहावर फक्त सहा किंवा सात आलं तरच. सातला थांबतो. हे पाढ्यासारखं पाठ करा. मी बसमध्ये कणकुंबीपासून साखळीपर्यंत पुटपुटत जायचो, शेजारच्या मावशीला वाटायचं पोरगं स्तोत्र म्हणतंय.

तरी चुकलोच. दुसऱ्याच महिन्यात प्लेयरकडे राजा आणि पंजी, बँकरकडे एक्का आणि दुर्री. प्लेयरला अठ्ठी आली, म्हणजे तेराचे तीन. तीनला तीन, डाव बरोबरीत सुटायला हवा होता. माझा हात सवयीने पेटीकडे गेला आणि बँकरला चारचं पान ओढलं: सात! बँकरवाले ओरडले, 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, पैसे लावलेला हुबळीचा गृहस्थ उभाच राहिला. सुपरवायझरने डाव थांबवला, ते पान बाजूला काढलं आणि टाय दिली. मी घामाघूम. त्या गृहस्थाला सगळा घोळ मी कन्नडमध्ये समजावला, म्हणून आवाज खाली आला. आपल्याकडच्या पोरांची ही मोठी जमेची बाजू आहे. मराठी, कन्नड, हिंदी, वर थोडी कोंकणी. अर्जात ठळक लिहा.

आता पैशांचं. बँकर जिंकला की ५ टक्के कमिशन कापून द्यायचं. ३,७०० चे कमिशन किती? दहावा भाग ३७०, त्याची निमकी १८५, हातात ३,५१५. आजोबांनी छडी दाखवून पाठ करून घेतलेली निमकी मला तिथे उपयोगी पडली.

कमिशन का, तर बँकरचा निर्णय नंतर होतो, म्हणून तो थोडा जास्त वेळा जिंकतो. कमिशन धरूनही १०० रुपयांमागे कसिनोचा सरासरी वाटा बँकरवर १.०६, प्लेयरवर १.२४. एकास आठ देणाऱ्या टायवर तोच १४.३६! दर डावाला हजार बँकरवर, तासाला ६० डाव, तर सरासरी ६३६ रुपये कसिनोचे. एका रात्रीत माणूस जिंकतोही, पण टेबल वर्षभर चालू असतं. 'नो कमिशन' लिहिलेल्या टेबलावर बँकर सहाच्या बेरजेवर जिंकला तर निम्मेच देतात, आणि वाटा १.४६ वर जातो.

पडद्यावर लाल-निळ्या गोल खुणांची रांग दिसते, मागच्या डावांची. लोक तिच्याकडे कुंडली बघावी तसे बघतात. पुढच्या पानाला तिचं काही माहीत नसतं. मोठ्या टेबलावर पाहुणे पान हळूहळू दुमडतात: लांब कडेवर दोन ठिपके दिसले तर चार किंवा पाच, तीन दिसले तर सहा, सात किंवा आठ, चार दिसले तर नऊ किंवा दहा. दहा निघालं की शून्य. त्या दोन सेकंदांसाठी माणसं बेंगळुरूहून येतात, आणि खरं सांगू, बघायला मलाही मजा यायची.

कायद्याचं थोडक्यात. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात दुरुस्ती होऊन १९९६ साली बोटींवरच्या टेबलांना वाट मिळाली. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मोबाइलवर बाकारा लावताय? २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, लिंक पाठवणाऱ्या मित्राला तेवढं सांगा.

नोकरीत रात्रपाळी ठरलेली, सणासुदीला सुट्टी विसरा. आमच्याकडे स्टाफला खेळायची बंदी होती. नखं कापलेली, चिप्सच्या चळती एका हाताने सारख्या करता यायला हव्यात. मी खोलीवर एक-एक रुपयाच्या नाण्यांवर सराव केला. टेबल सोडताना दोन्ही तळहात उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवायचे, काही लपवलं नाही म्हणून. ही खोड अजून गेली नाही. घरी जेवून उठलो की हात आपोआप तसेच फिरतात, आणि आई विचारते, "काय रे, फडकं देऊ?"